खेळणार कोण?

बॅडमिंटनच्या रॅकेटला तारा ओढून देणाऱ्या आमच्या गटिंगवाल्याकडे रॅकेट नेली की तो आधी रॅकेट बघत नाही, आपल्याकडे बघतो. ‘खेळणार कोण?’ हा पहिला प्रश्न. ‘मीच’ म्हटलं की त्याची नजर मनगटावरून खांद्यावर, तिथून पोटावर येते आणि आकडा पक्का होतो. ‘बावीस.’ म्हणजे २२ पौंड, तारेचा ताण. त्याच्या भाषेत टेन्शन.

मला २८ हवं होतं. मोठे खेळाडू २८-३० वर खेळतात हे ऐकलेलं, आणि घट्ट तार म्हणजे जोरकस स्मॅश हा हॉलमधल्या निम्म्या लोकांसारखा माझाही समज. आहे नेमकं उलटं. सैल तार फुलाला, म्हणजे शटलला, झोका देऊन परत पाठवते. घट्ट तार सगळी ताकद तुमच्याकडूनच वसूल करते आणि बदल्यात फूल हवं तिथे पडण्याची सोय करून देते. तेही फूल रॅकेटच्या जाळीच्या मधोमध बसलं तर. जरा कडेला लागलं की पोळपाटाने मारल्यासारखं वाटतं. माझं फूल मधोमध किती वेळा बसतं, ते असो.

रॅकेटही तशीच घेतलेली. डोक्याकडे जड, दांडी ताठ, रंग काळा-सोनेरी. त्यातलं फक्त रंगाचं मला कळलं होतं. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या जपानी रॅकेटींवरच्या खुणा म्हणजे सगळी उलटी गंगा. ३यू म्हणजे ८५ ते ९० ग्रॅम आणि ४यू म्हणजे ८० ते ८५. आकडा चढला की वजन उतरतं. मुठीचंही तेच, जी४ पेक्षा जी५ बारीक. आणि ताठ दांडीचा फायदा मनगट विजेसारखं फिरणाऱ्यालाच. माझं मनगट फाइलींवर शिक्के मारण्याच्या वेगाने फिरतं.

तीन महिन्यांत कोपराने हात टेकले. चहाचा कप उचलतानाही कळ यायची. डॉक्टर म्हणाले, टेनिस एल्बो. आयुष्यात टेनिसची रॅकेट हातात धरली नव्हती, पण दुखण्याला त्याचं काय!

मग मी मुकाट्याने २२ वर आलो. मऊ दांडीची ४यू घेतली आणि गटिंग होताना समोरच्या स्टुलावर बसायला लागलो. ते बघण्यासारखं असतं. एक तार तुटलेली असली तरी तो आधी उरलेल्या सगळ्या कापतो, मधून सुरुवात करून कडेकडे. मी एकदा तुटलेली तार तशीच ठेवून रॅकेट आठवडाभर घरी लोळवली होती, तेव्हा तो खरोखर चिडला. ताण एकीकडे राहिला, एकीकडचा गेला की फ्रेम पिळवटते, नाहीतर पुढच्या गटिंगला मशीनवरच चिरते. मग मशीनवर फ्रेम आवळून आधी उभ्या तारा, नंतर आडव्या. एकीच्या वरून, दुसरीच्या खालून, बाजेची नवार विणावी तशा. तारेची जाडी पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. शेवटच्या गाठीनंतर तो तळहाताच्या कडेने जाळीवर टकटक करतो आणि कान देतो. तबला लावणाऱ्याचा चेहरा असतो तेव्हा.

बाकी निगा फार नाही. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत रॅकेट ठेवायची नाही, तार मरते. ग्रिप काळी पडून तिला वास यायच्या आत बदलायची. (आमच्या डबल्समधल्या एका भिडूला ही ओळ आवर्जून वाचून दाखवणार आहे.)

बाबांच्या काळी मात्र निगा हेच मोठं काम होतं. त्यांचं बालपण सांगलीतलं. नंदू नाटेकर सांगलीचे. १९५६ मध्ये क्वालालंपूरची सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशातलं विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले, तेव्हा बाबा शाळेत होते. पुढे पहिल्या पगारातून त्यांनी लाकडी रॅकेट घेतली. लाकूड पावसाळी हवेत दमट होतं आणि तारेच्या ओढीने केळ्यासारखं वाकतं, म्हणून ती लाकडी चौकटीत दाबून ठेवायची. चौकटीला चार कोपऱ्यांत चार पितळी चाप्या. खेळून आले की बाबा त्या तिरक्या क्रमाने आवळायचे, आधी हा कोपरा, मग समोरचा. चौथी चापी आवळल्याशिवाय आंघोळ नाही. गट पूर्वी खरोखर जनावराच्या आतड्याचं असायचं, ‘गटिंग’ हा शब्द तिथलाच. ते पाण्याने फुगतं म्हणून पावसात रॅकेट शर्टाच्या आत आणि बाबा भिजलेले, असं आजी सांगायची.

बाबा गेल्यावर माळ्यावर ती चौकट सापडली, रॅकेटसकट. चाप्या हिरव्या पडल्या होत्या; पक्कड लावून सोडवल्या. जाळीच्या दोनच तारा शाबूत होत्या. मी ती रॅकेट गटिंगवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने एक डोळा मिटून सुतार फळी बघतो तशी फ्रेम बघितली, कडेवरून अंगठा फिरवला.

‘सरळ आहे अजून,’ तो म्हणाला. मग सवयीने, ‘खेळणार कोण?’

‘कोणी नाही. भिंतीवर लावायचीय.’

त्याने सगळ्यात मऊ तारेचा रोल काढला. ‘मग हिला टेन्शन कमीच देऊ.’