तुम्ही विचारलंत म्हणून: मधातच सोडलं तं काय भेटते?

अ‍ॅडमिशनच्या टेबलावर, एसटीत, परवा तर तेरवीच्या पंगतीतही तोच प्रश्न: "मॅडम, मधातच सोडलं तं काय भेटते?" एकदाचं लिहूनच टाकते.

भेटते. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कॉलेजच्या एका वर्षाला सर्टिफिकेट, दोनला डिप्लोमा, तीनला डिग्री, चौथं केलं तर ऑनर्स. पण हिशेब वर्षांचा नाही, क्रेडिटचा. एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात १५ तास शिकवणं, प्रॅक्टिकल असेल तर ३० तास. वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट. पहिल्याच वर्षानंतर निघायचं तर वर ४ क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स. अडकलेल्या पेपरचं क्रेडिट शून्य. "हजेरी तं पूर्ण होती" म्हणू नका, नुसत्या हजेरीवर क्रेडिट मिळत नाही. मिळवलेली क्रेडिट 'क्रेडिट बँके'त, म्हणजे विद्यार्थ्याच्या ऑनलाइन खात्यात, जमा होतात.

हे सगळं मला २०२४ च्या जूनमध्येही माहीत होतं. तरी एका बापाला मी एवढंच म्हटलं, "लावा हो दादा पोरीला. नाहीच जमलं तर वर्षानं सोडता येते, कागद मिळतो." पोरगी कॉलेजात यावी म्हणून म्हटलं. खरं सांगायचं तर वर्गही भरायचा होता.

पुढच्या जुलैत, ऐन डवरणीत, दोघं आले. सोयरीक जुळली होती. टीसी पाहिजे, आणि "तो कागद". मार्कशीट पाहिली: दोन पेपर अडकलेले, क्रेडिट ३८. कौशल्याचा कोर्स आमच्याकडे सुरूच झाला नव्हता.

"म्हणजे काहीच नाही?"

"क्रेडिट बँकेत राहतात दादा. तीन वर्षांच्या आत परत येता येते, सात वर्षांत डिग्री पुरी करता येते."

"बँकेत? मंग काढता येते का?"

पोरीनं पिशवीतून लायब्ररीचं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. "हे राह्यलं होतं." आत खुणेला एसटीचा पास. त्याची मुदत अजून बाकी होती.

स्टाफरूममध्ये म्हणतात, लग्न तसंही झालंच असतं. असेल. पण आधी "तीन वर्षं तरी पुरी होऊ द्या" म्हणून भांडता यायचं. इथं वर्षानं सोडायची वाट मीच दाखवली होती. बरं, योजनाच वाईट म्हणावं तर तेही जमत नाही. त्याच वर्गातला एक पोरगा बाप गेल्यावर शेती पाहायला घरी बसला. परत आला तर त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

तिची मुदत २०२८ पर्यंत आहे. नंबर आहे माझ्याकडे. फोन अजून केलेला नाही.