आधी रुग्ण, मग वेळापत्रक

वैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी (रुग्णाला रोजची कामे पुन्हा करता यावीत यासाठीचे उपचार) यांच्या विद्यार्थ्यांची एकत्रित क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातले प्रत्यक्ष प्रशिक्षण, ठरवायची म्हटली की चारही विभाग आपापली वेळापत्रके घेऊन बैठकीला येतात. ही सुरुवातच मला चुकीची वाटते. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या तासांचे नियम वेगळे असल्यामुळे सगळ्यांना सोयीचा म्हणून जो तास अखेरीस हाती लागतो तो बहुधा दुपारचा असतो, आणि तोवर सकाळचा राउंड, ड्रेसिंग, व्यायाम असे पाहण्यासारखे सारे उरकलेले असते. मग चौघांना एका खोलीत बसवून व्याख्यान दिले जाते. अशा एकत्रित शिक्षणाबद्दलच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या 2010 च्या आराखड्यात मात्र एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकणे अपेक्षित आहे.

म्हणून आधी रुग्ण निवडावा. पक्षाघाताचा रुग्ण यासाठी सर्वांत योग्य, कारण त्याच्या बाबतीत एकाचा निर्णय दुसऱ्याच्या कामाला लगेच भिडतो. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय त्याला तोंडाने पाणीसुद्धा द्यायचे नसते, त्यामुळे गोळ्या कशा द्यायच्या हा प्रश्न डॉक्टर आणि सिस्टर दोघांचाही होतो. रक्तदाब आणि एकूण प्रकृती पाहूनच त्याला आज बसवायचे की नाही हे ठरते. आणि फिजिओथेरपिस्टने जपलेला लुळा खांदा रात्री कूस बदलताना हात धरून ओढल्यास पुन्हा दुखावतो. अशा प्रत्येक प्रसंगी कोणकोणते विद्यार्थी खाटेपाशी हवेत हे लिहून काढले, की वेळापत्रकात नेमके कोणते तास हलवायचे ते स्पष्ट होते.

स्वीडनमधील लिन्शॉपिंग येथे 1996 मध्ये विद्यार्थ्यांनी देखरेखीखाली एकत्र चालवायचा वॉर्ड सुरू झाला. आपल्याकडच्या गर्दीच्या वॉर्डात तेवढे करता आले नाही तरी चार खाटा नक्कीच राखून ठेवता येतील. कौशल्ये ज्याच्या त्याच्या शाखेच्या शिक्षकानेच शिकवावीत. रोजच्या एकत्रित चर्चेचे नेतृत्व मात्र मी अनुभवी वॉर्ड सिस्टरकडे देईन, कारण रुग्णाच्या दिवसरात्रीचा सलग तपशील तिच्याकडेच असतो.

लॉगबुकवर, म्हणजे विद्यार्थ्याच्या कामाच्या नोंदवहीवर, सही कोणाची, हेही पहिल्या दिवसाआधी लेखी ठरलेले असावे. एकत्र केलेले काम स्वतःच्या अभ्यासक्रमाच्या तासांत धरले जाणार नसेल तर विद्यार्थी ते जादा ओझे समजतात, आणि त्यात त्यांचा काहीही दोष नसतो.