लातूरचं बोअर, जारचं पाणी आणि फुलदाणी: दिवाळीपासून आतापर्यंतची नोंद

विकत आणलेली फुलं घरी फुलदाणीत जास्त दिवस कशी टिकवायची, या दिवाळीपासून चाललेल्या उद्योगाची पुढची नोंद टाकायलोय, कारण आता ऊन तापलंय आणि थंडीत जे आरामात जमत होतं त्यातलं निम्मं आता चालत नाही. जानेवारीत ग्लॅडची, म्हणजे ग्लॅडिओलसची काडी आठवडाभर खालून वर एकेक फूल उघडत जायची, बघायचंही काम नव्हतं. आता तेच घर, तीच फुलदाणी, पण निशिगंध तिसऱ्या-चौथ्या दिवशीच मान टाकायला बघतो.

आधी पाण्याचं सांगतो, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. आमच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार किती मिलिग्रॅम ते, हजाराच्या वर असतो, पाणी खाली गेलं की अजून चढतो. पिण्याच्या पाण्याला 500 पर्यंत ठीक आणि दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्या असं सरकारी मानक आहे, म्हणजे कागदावर आमचं पाणी पास, पण गुलाबाला ते मानक कोण सांगणार. आणि खरी गोम नुसत्या टीडीएसमधे नाही, बायकार्बोनेटमधे आहे, म्हणजे अ‍ॅसिड मारणाऱ्या क्षारात. देठातून पाणी चांगलं चढायला ते थोडं आंबट लागतं, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आंबट) साडेतीन ते साडेचारच्या मधे, म्हणून त्यात सायट्रिक अ‍ॅसिड टाकायचं, किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं तेच. पण जड पाण्यातलं बायकार्बोनेट हे अ‍ॅसिड आधी स्वतःच खाऊन टाकतं. जारच्या, म्हणजे आरओनं क्षार काढलेल्या पाण्यात चिमूटभर टाकलं की पीएच पट्टीचा रंग लगेच बदलतो, बोअरच्या पाण्यात तीच चिमूट टाका, पट्टी ढिम्म हलत नाही, तिथं तीन-चार पट टाकावं लागतं. इंटरनेटवरच्या रेसिप्या आपल्याकडे फसतात त्या इथं, लिहिणाऱ्याच्या नळाला मऊ पाणी येत असतं ना.

म्हणून एकाच गड्डीतले गुलाब तीन बाटल्यांत वाटून ठेवले, एकीत साधं बोअरचं, दुसरीत बोअरचं उकळून गार करून गाळलेलं, तिसरीत जारचं आरओचं. औषध कशातच काही नाही. साध्या बोअरमधल्या गुलाबाच्या माना सगळ्यात आधी वाकल्या, पाकळ्या अजून टवटवीत आणि मान मात्र खाली. उकळलेलं मधल्या नंबरवर राहिलं, उकळल्यावर बायकार्बोनेटचा बराच भाग पांढरा होऊन तळाला बसतो त्यामुळे असणार. जारचं सगळ्यात पुढं. घरात सॉफ्टनर बसवलेला असेल तर ते पाणी वापरू नका, त्यात कॅल्शियम जाऊन सोडियम येतं आणि गुलाबाला, कार्नेशनला ते सोसत नाही.

जारचं पाणी फुलाला घालतो म्हणून माय सुरुवातीला लई बोलली, आणि तिचं बरोबरच होतं, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तेव्हा घागरी मोजून वापरलेल्या बाईला फुलदाणीतलं आरओ कसं पटावं. आता तह असा झालाय की बदललेलं पाणी मोरीत न ओतता कुंडीत जातं. नुसतं लिंबूसत्वाचं असेल तर जातं, जंतू मारायला ब्लीच टाकलेलं मात्र नाही.

ब्लीचचं प्रमाण लिटरला पाव चमचा, त्यावर नाही. ब्लीच आणि लिंबूसत्व कधीही तसंच्या तसं एकमेकांत ओतू नका, क्लोरीनचा वायू निघतो, दोन्ही आधी भरपूर पाण्यात वेगवेगळं पातळ करायचं. मी तर आता दोन्ही एकत्र वापरणंच बंद केलंय, जरबेराला ब्लीच, बाकीच्यांना लिंबूसत्व, हिशोब सोपा.

जरबेरावर मी सध्या सगळ्यात जास्त वेळ घालवायलोय. त्याची दांडी आतून पोकळ, बाहेरून बारीक लव, त्यामुळे जंतूंना नुसती मेजवानी. फुलदाणी भरून पाणी घातलं की बुडालेली दांडी दोन दिवसांत बुळबुळीत होते, बोट फिरवलं की साल सरकते, वास येतो, आणि मग वरून फूल ताजं दिसत असतानाच दांडी मधेच मोडते. म्हणून जरबेराला पाणी चार-पाच सेंटीमीटरच ठेवायचं, पण रोज बदलायचं आणि फुलदाणी साबणानं घासून. नुसतं वरून पाणी वाढवत राहणं म्हणजे जंतूंना खुराक देणं. घेताना फुलाच्या मधल्या गोलाकडं बघा, त्यातल्या बाहेरच्या एक-दोन ओळींवर पिवळे पराग दिसले पाहिजेत. ते दिसत नसतील तर फूल कोवळं काढलंय, त्याची मान टिकणार नाही, वर कितीही प्लॅस्टिकची टोपी घालू देत.

गंजगोलाईत, म्हणजे लातूरच्या मुख्य बाजारात, ज्या मावशींकडून मी निशिगंध घेतो त्यांनी एकदा माझ्या हातातली पूर्ण फुललेली गड्डी काढूनच घेतली, म्हणाल्या, "लेकरा, देवाला न्यायचीय का घरात ठेवायचीय? घरात ठेवायचीय तर उमललेलं काय घ्यायलास, कळ्या बघ की." खालची दोन-तीन फुलं उघडलेली आणि वर हिरवट-पांढऱ्या फुगलेल्या कळ्या, अशी काडी घ्यायची. पण त्या वरच्या कळ्या उघडायला साखर लागते, काडी तोडल्यावर तिला अन्न देणारं कुणी राहत नाही. लिटरला दोन-तीन चमचे साखर आणि लिंबूसत्व, एवढ्यानं वरपर्यंत बऱ्याच कळ्या उघडतात. डबल निशिगंधाच्या शेंड्याच्या कळ्या मात्र तरी उघडत नाहीत, ती जातच तशी, उगीच साखर वाढवू नका. खालचं फूल कडेनं तपकिरी झालं की लगेच नखानं खुडायचं, नाहीतर ते आपल्यासोबत वरच्यांनाही घेऊन जातं. आणि साखर आली की मुंग्या आल्याच, आमच्याकडं फुलदाणी पाण्याच्या ताटलीत उभी असते.

ग्लॅडला थंडीत एक रात्र वीस टक्के साखरेच्या पाण्यात उभं केलं होतं, लिटरला 200 ग्रॅम, ऐकायला पाक वाटतो पण फक्त एकच रात्र, नंतर साधं पाणी. टोकापर्यंत फुलं उघडायला याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही. ग्लॅड आडवा मात्र ठेवू नका, घरी येईपर्यंत स्कूटीवर चालतो पण रात्रभर आडवा पडला की शेंडा वर वळतो आणि परत सरळ होत नाही.

शेवंतीचं फार सांगण्यासारखं नाही, गुणी फूल आहे. फुलाआधी पानंच पिवळी पडतात म्हणून खालची पानं आधीच काढून टाकायची, झालं. महालक्ष्म्यांच्या वेळी सगळीकडं तीच असते आणि मंडपाच्या गर्दीत, लाईटच्या उष्णतेतही टिकून राहते ते उगीच नाही.

कापणं. देठ कापला की कापलेल्या तोंडातून हवा आत जाते आणि तो हवेचा बुडबुडा पाणी अडवतो, त्यामुळे दुकानातून आणलेली काडी घरी आल्यावर बादलीत पाण्याखाली धरून खालचे दोन-तीन सेंटीमीटर परत तिरके कापायचे. माझ्याकडं मळ्यातलं जुनं सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री आहे, धार लावून घेतलं. बोथट कात्रीनं देठ चेंगरतो आणि चेंगरलेल्या तोंडातून पाणी चढत नाही. पहिलं पाणी कोमट असलं तर चांगलं, कोमट पाणी देठात लवकर चढतं. मे महिन्यात दुपारी टाकीचा नळ सोडला की हे काम आपोआपच होतं म्हणा, पण त्यातच दिवसभर ठेवलं तर फूल उकडून निघतं, तास-दीड तासानं गार पाण्यात हलवायचं. मान टाकलेला गुलाब असाच परत कापून, ओल्या पेपरात मानेपासून ताठ गुंडाळून कोमट पाण्यात ठेवला तर बऱ्याचदा उठतो, एकदा पाकळ्यांच्या कडा सुकल्या की नाही उठत.

आता ऊन. फूल टिकतं ते थंडाव्यानं, आणि कूलरसमोर ठेवणं म्हणजे थंडावा नाही. कूलरचा वारा पाकळीतला ओलावा ओढून नेतो, कूलरसमोरची फुलदाणी कोपऱ्यातल्या फुलदाणीच्या आधी सुकते हे मी घरी अनेकदा दाखवून दिलंय तरी पाहुणे आले की कुणीतरी फुलदाणी कूलरपुढंच ठेवतं. फ्रीजमधे जागा नाही आणि फळांसोबत ठेवायचीही नाहीत. म्हणून एक जुना रांजण घेतला, त्यात खाली वाळू, वाळूवर लहान माठ, दोन्हीच्या मधल्या फटीत परत वाळू, ती दिवसातून दोनदा ओली करायची आणि वरून ओलं गोणपाट. दिल्लीच्या पुसा संस्थेनं भाजीपाल्यासाठी विटा आणि वाळूचा विजेशिवायचा शीतकक्ष काढला होता, तत्त्व तेच, पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. बाहेर 41 अंश असताना आत तिशीच्या खाली राहतं आणि शिवाय आत दमटपणा, जो फुलाला हवाच असतो. दुपारी बारा ते पाच सगळी फुलं त्यात, संध्याकाळी परत बैठकीत. निशिगंधाला याचा फायदा साखरेपेक्षा जास्त झालाय असं माझं मत बनत चाललंय. आपल्याकडची हवा कोरडी म्हणून हे इतकं चालतंय, पाऊस पडून हवा दमट झाली की रांजणाचा उपयोग अर्ध्यावर येईल.

एक भानगड अजून, आंब्याची. आमच्या मधल्या खोलीत दरवर्षी केसरची आढी लागते आणि पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं, फुलं त्यानं लवकर म्हातारी होतात. कार्नेशन त्याला लगेच बळी पडतं, पाकळ्या आत वळून फूल मिटल्यासारखं होतं आणि परत उघडत नाही. त्याच खोलीतल्या शेवंतीला काहीच झालं नाही, तिला इथिलीनचं फारसं सोयरसुतक नसतं. आढी बैठकीत हलवा म्हणून अण्णांना विचारलं तर ते म्हणाले फुलं गच्चीवर ने. तेव्हा कार्नेशनचं जे काही करायचं ते आंबे संपल्यावर, आणि तोवर पाऊस लागला तर रांजणाऐवजी काय करायचं ते बघतो. औशाकडं शेडनेट असलेले एक ओळखीचे आहेत, ते देठ काढल्या काढल्या शेतातच बादलीत पाण्यात घालून देतो म्हणालेत, त्यांच्याकडची आणि बाजारातली गड्डी एकाच जारच्या पाण्यात शेजारी शेजारी ठेवणार आहे.