कचरावेचकांशी करार करताना काय लिहून घ्यायचं

पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातूनच निघालेल्या ‘स्वच्छ’ या कष्टकऱ्यांच्या सहकारी संस्थेनं 2008 साली दारोदार कचरा गोळा करण्यासाठी पुणे महापालिकेशी करार केला. उकिरड्यावर भंगार वेचणाऱ्या बायकांना त्यातून ठरलेली घरं, गणवेश, ओळखपत्र आणि दरमहा शुल्क मिळू लागलं. कचरावेचकांना कामात सामावून घ्या, असं 2016 च्या घनकचरा नियमांतही म्हटलं होतं. आपल्या शहरात असं काही उभं करायचं असेल, तर सगळा जीव करारातल्या चार-पाच कलमांत असतो.

पहिलं कलम भंगाराच्या हक्काचं. इथे कमाई दोन पायांवर उभी असते: घरामागचं शुल्क आणि सुक्या कचऱ्याची विक्री. सुका कचरा कंत्राटदाराकडे गेला की एक पाय गेलाच. म्हणून ‘विकण्याजोग्या मालावर त्याचं वर्गीकरण करणारीचा हक्क’ हे वाक्य स्वच्छ शब्दांत हवं.

आता शुल्काचा हिशोब. दोघींच्या जोडीला 300 घरं आणि घरामागे 70 रुपये धरा. महिन्याला 21,000, म्हणजे प्रत्येकी 10,500. त्यातल्या 60 घरांनी पैसे दिले नाहीत तर 4,200 बुडतात आणि प्रत्येकीचे 2,100 जातात. भाड्याच्या खोल्या, बंद फ्लॅट, ‘पुढच्या महिन्यात एकदम देतो’ म्हणणारे, अशी ही गळती असते. सोसायटीनं मेंटेनन्समध्येच रक्कम घेऊन एकरकमी दिली की ती बरीच थांबते. वस्तीत हे जमत नाही. तिथे दर कमी ठेवावा लागतो, गल्लीत ढकलगाडी शिरत नाही, बादली घेऊन एकेक दार गाठावं लागतं. सगळ्यात कष्टाचं काम आणि सगळ्यात कमी पैसे, ही गोष्ट मला अजिबात पटत नाही. वस्तीतल्या प्रत्येक घरामागे फरकाची रक्कम पालिकेनं द्यावी, हे करारात आकड्यासकट लिहून घ्या.

मग जागा. वर्गीकरणाला निदान 10 बाय 10 फुटांची, छप्पर असलेली जागा, नळ आणि दिवा लागतो. पावसाळ्यात पुठ्ठा भिजला की दुकानदार ओलाव्याचं वजन कापतो किंवा मालच घेत नाही. दुधाची पिशवी धुऊन वाळवली तर विकते, आत दूध राहिलं तर दोन दिवसांत पोत्याला वास सुटतो. पाण्याच्या बाटलीचं झाकण वेगळ्या प्लास्टिकचं असतं, म्हणून ते काढून वेगळं टाकतात. पार्किंगच्या कोपऱ्यात तोंडी परवानगीवर बसलेल्या बाईला सोसायटीची कमिटी बदलली की उठवलं जातं. तेव्हा सभेचा ठराव करून घ्या, इतिवृत्ताची प्रत संस्थेकडे ठेवा.

सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, ही पुण्यातली पद्धत पहिल्या दिवसापासून लावा. नाहीतर ती पुडी उघड्या हातानं उघडून पाहावी लागते. कुणाच्याही वाट्याला हे येता कामा नये.

गाडीची वेळही लिहून घ्या. पालिकेचा ट्रक तासभर उशिरा आला की भरलेल्या ढकलगाड्या रस्त्याकडेला उभ्या राहतात, भंगार निवडायचा वेळ जातो आणि तक्रार मात्र बायकांच्या नावावर चढते. उशीर नोंदवायला वही ठेवा आणि आरोग्य निरीक्षकाची सही रोजच्या रोज घ्या.

मुदतीचं कलम शेवटी येतं आणि घाईत वाचलं जातं. पुण्याचा पहिला करार पाच वर्षांचा होता, आणि तो संपल्यावर नव्यासाठी वाट पाहावी लागली. ‘नवा करार होईपर्यंत जुन्या अटी लागू’ ही एक ओळ असेल, तर मधल्या काळात गणवेश, हातमोजे, ढकलगाडीची दुरुस्ती अडत नाही.

बदलीवर येणारीचं नावही यादीत घाला. आजारपणात बहीण, सून किंवा मुलगी कामावर येते; नोंद नसेल तर काच लागल्यावर किंवा गाडीची धडक बसल्यावर विम्याच्या कागदावर तिचं नावच नसतं.