जेजुरीच्या वाटेवर देव मोजताना

सासवडचा मुक्काम हलला की दिंडीत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, जेजुरी. निघालेलो विठोबाकडे, पण त्या दिवशी ओढ खंडोबाची. परभणीकडच्या एका आजींनी मल्हारीसाठी खोबऱ्याची वाटी पदराच्या गाठीत जपून आणली होती. शेजारून नर्सिंग शिकणारी एक मुलगी चालत होती. ती म्हणाली, "काका, तुम्ही संस्कृत शिकवता ना? मग सांगा, वेदांत देव एक की अनेक? आमच्याकडे प्रवचनात ठासून सांगतात, एकच."

या प्रश्नाला 'एकच' असं झटपट उत्तर देऊन मोकळं होणं मला पटत नाही. ऋग्वेदातले ऋषी इंद्राकडे विजय मागतात, वरुणापुढे अपराधाची क्षमा मागतात. कोणाकडे काय मागायचं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तिसऱ्या मंडळात तर अग्नीची सेवा करणाऱ्या देवांचा आकडाच दिलाय, ३३३९! तो मांडणाऱ्याच्या मनात देव अनेक नव्हतेच, असं कसं म्हणायचं? आणि त्याच ऋग्वेदाच्या पहिल्या मंडळात 'एकं सद् विप्रा बहुधा वदन्ति', म्हणजे सत्य एकच, जाणते त्याला अनेक नावांनी बोलतात, हेही आहे. एका वचनाने दुसरं खोडायचं नाही, असं मी तिला सांगितलं.

मग तिला बृहदारण्यक उपनिषदातला प्रसंग सांगितला. जनक राजाच्या सभेत शाकल्य नावाचा विद्वान याज्ञवल्क्य ऋषींना विचारतो, देव किती? उत्तर येतं, ३३०६. शाकल्य म्हणतो ठीक, आणि पुन्हा तेच विचारतो. तेहतीस. पुन्हा. सहा. मग तीन, मग दोन, मग दीड, आणि शेवटी एक. मोठा आकडा म्हणजे देवांचा महिमा, देव तेहतीसच, असं याज्ञवल्क्य पुढे म्हणतो; पण त्या तेहतिसांची नीट मोजदाद देतो: आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, इंद्र आणि प्रजापती. आपण आज विचारतो तो प्रश्न त्या सभेत सरळ तोंडावर विचारला गेला होता, आणि विचारणाऱ्याला कोणी पाखंडी म्हटलं नाही. मला याचं फार मोल वाटतं.

जेजुरी आली तसा 'येळकोट येळकोट जय मल्हार'चा गजर झाला आणि माउलींच्या पालखीवर भंडाऱ्याची उधळण सुरू झाली. कपाळावरच्या काळ्या बुक्क्यावर हळद बसली, धोतरं पिवळी झाली, टाळांच्या दोऱ्यासुद्धा. विणेकऱ्यांनी नाथमहाराजांचं 'वारी वो वारी, देई कां गा मल्हारी' धरलं. त्यातच पुढे 'त्रिपुरारी हरी' येतं, शिव आणि विष्णू एका दमात. आजींची खोबऱ्याची वाटी तिथेच मल्हारीला गेली.

वाल्ह्याच्या मुक्कामी मुलीने ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय काढला. अन्य देवतांना भजणाऱ्यांबद्दल माउली तिथे बरंच कडक बोलतात: 'रसु तो मुखेंचि सेवावा, परिमळु तो घ्राणेंचि घ्यावा.' सगळी इंद्रियं एकाच देहाची, म्हणून काय जेवण कानात भरायचं? तसं मला मी म्हणूनच भजा, असं तिथे कृष्ण म्हणतो. ती आजींकडे वळली. "मग तुमचं खोबरं चुकलंच की, आजी."

आजी तिच्या टाचेच्या फोडाला तेल लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खंडोबा माझ्या सासरचं कुळदैवत, विठोबा माझं माहेर. दोघं एकच हायेत, ठावं हाय मला. पर चंपाषष्ठीला भरीत-रोडगा खंडोबालाच लागतो, बाई. तो पंढरीला नेऊन कसा चालंल?"

प्रवचनातल्या 'एकच'पेक्षा आजींचं म्हणणं मला याज्ञवल्क्याच्या कितीतरी जवळचं वाटतं. तोही एकावर पोचतो, पण तेहतिसांना डावलून नाही.

नीरेपर्यंत मुलीचा एकच प्रश्न चालू होता, दीड देव म्हणजे कोण? वारा, असं उपनिषद सांगतं. वाहतो एकटाच, पण त्याच्यामुळे सगळं वाढीला लागतं, म्हणून दीड. तिला ते काही पटलं नाही. लोणंदला हरिपाठ झाल्यावर पुन्हा बसायचं ठरलं.