बी बी नाही

"मॅडम, शब्दांच्या जातींची, म्हणजे कुठला शब्द नाम नि कुठला क्रियाविशेषण याची, एक यादी द्या ना, पाठ करून टाकतो." लातुरात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी व्याकरण शिकवते, दर बॅचला कुणीतरी हे मागतंच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते, अशी यादी होत नाही. जाती आठ, चार विकारी म्हणजे रूप बदलणाऱ्या नि चार अविकारी म्हणजे न बदलणाऱ्या, एवढंच पाठ करण्यासारखं. शब्द त्यातल्या कुठल्या घरात बसायचा, ते वाक्य ठरवतं.

मी सातवीत असताना मृगाच्या तोंडावर अण्णा कृषी सेवा केंद्रातून रिकाम्या हातानं परतले. मायला म्हणाले, "खत नाही, अन् बी बी नाही." बी सोयाबीनचं. पहिलं 'बी' पेरायचं, म्हणजे नाम. दुसरं पुस्तकातल्या 'ही'चं, 'सुद्धा'चं काम करतंय, म्हणून शब्दयोगी, म्हणजे दुसऱ्या शब्दाला जोडून येणारं. दोन्ही अगदी शेजारीशेजारी, कानाला एकसारखी. तरी शाळेची पायरी न चढलेली माय जराही अडखळली नाही. तिनं कपाळाला हात लावला, कारण बी नव्हतं. अण्णांचं ते वाक्य मी आजही प्रत्येक बॅचच्या पहिल्या तासाला फळ्यावर लिहिते.

'वर' घ्या. 'पत्र्यावर माकड बसलंय' यात तो पत्र्याला चिकटलाय, 'पत्रा'चं 'पत्र्या' असं सामान्यरूप झालंय, शब्दयोगी. 'वर माकड बसलंय' यात तो एकटा उभा राहून बसण्याची जागा सांगतो, क्रियाविशेषण. 'वर मांडवात आला' म्हटलं की नवरदेव, नाम. मात्र सामान्यरूप दिसलं नाही म्हणून फसू नका. 'पत्रा बी उडाला' यात पत्रा पत्राच राहतो, तरी 'बी' शब्दयोगीच. मार्क जातात ते इथं.

विशेषणाचं सोपं आहे. 'शहाण्या पोराला' यात 'ला' पोरानं घेतलाय. 'शहाण्याला सांगावं लागत नाही' यात पोरगा गेला, 'ला' शहाण्यानं घेतला, म्हणजे त्यानं नामाची जागा घेतली.

शेवटी मी विचारते, 'लई पाऊस पडला' यातला 'लई' कुणाचा, पावसाचा की पडण्याचा? वर्गात दोन तट पडतात, आवाज चढतात. मग मी फक्त 'पाऊस लई पडला' असं लिहिते आणि खडू खाली ठेवते. मुलं गप्प होतात, ओठातल्या ओठात दोन्ही वाक्यं पुन्हा म्हणून बघतात.