तुम्ही विचारलंत म्हणून: बाळाला दूध पुरतंय की नाही कसं ओळखायचं?

"ताई, दूध पुरत नाहीये बहुतेक, वरचं सुरू करू का?" मी बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर आहे, त्यामुळे हा प्रश्न मला सतत येतो. कधी बाळंतीण विचारते, कधी तिची आई किंवा सासू, आणि हल्ली नवरेपण मेसेज करतात ते मला फार आवडतं. तर एकदा नीट लिहूनच काढते.

मी आधी उलटं विचारते, पुरत नाही हे कशावरून वाटतं? उत्तरं ठरलेली असतात. संध्याकाळ झाली की रडतं, सारखं अंगावर मागतं, छाती आधीसारखी भरलेली वाटत नाही, पंप लावला तर जेमतेम बाटलीचा तळ झाकला. आता यातल्या एकाही गोष्टीवरून दूध कमी आहे असं ठरत नाही हो. दुसऱ्या आठवड्यापासून बाळांचं रडणं वाढतच जातं, साधारण सहाव्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं, आणि त्याची वेळ बहुतेक संध्याकाळचीच. तेव्हा अर्ध्या-अर्ध्या तासाने पिणं हेही नॉर्मल. काही आठवड्यांनी छाती मऊ लागते कारण शरीराला बाळाच्या गरजेचा अंदाज आलेला असतो. आणि पंप काही बाळासारखा ओढत नाही, तो सोडाच.

बघायचं ते लघवी आणि वजन. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा वेळा लघवी व्हायला हवी, फिकट रंगाची, आणि पहिली काळी शी तोवर पिवळी झालेली असावी. डायपरमध्ये कळत नाही म्हणून सुरुवातीला साधी सुती लंगोटं वापरा, धुवायचा ताप आहे, पण मनाला शांती मिळते. वजनाचं म्हणाल तर पहिल्या काही दिवसांत ते कमी होतं, म्हणजे तीन किलोचं बाळ दोनशे ग्रॅमने उतरलं तर घाबरायचं नाही, पण 10 टक्क्यांच्या आसपास गेलं तर लगेच डॉक्टरांना दाखवायचं. दोन आठवड्यांपर्यंत बाळ जन्माच्या वजनावर परत यावं आणि पुढे पहिले तीन महिने दिवसाला साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढावं. त्याच काट्यावर, कपडे काढून, आणि रोज नाही! रोज वजन करून घरात नुसतं टेन्शन वाढतं.

आता खरं दूध कमी कसं होतं ते सांगते, कारण हे मी इतक्या घरांत होताना पाहिलंय की जीव तुटतो. संध्याकाळी बाळ रडतं, भेटायला आलेलं कोणीतरी म्हणतं एक बाटली देऊन बघा, बाळ बाटली पिऊन गाढ झोपतं, आणि सगळे आईकडे बघून म्हणतात बघ, भुकेलं होतं बिचारं. त्या झोपेत अंगावरच्या एक-दोन पाज्या चुकतात. छाती रिकामी झाली नाही की शरीर समजतं एवढं लागत नाही, आणि पुढच्या वेळी कमी बनवतं, मग अजून एक बाटली, आणि काही आठवड्यांत जी भीती होती ती खरी होऊन बसते. दोष मात्र आईच्या अंगाला. आपल्याकडे 1992 च्या कायद्याने बाळाच्या दूध पावडरीची आणि बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे ती उगाच नाही.

परवाचीच एक मुलगी, सिझरची दुसरी रात्र, डोळ्यांत पाणी, म्हणे येतच नाहीये. बाळ दुपट्यात गच्च गुंडाळलेलं, पाठीवर झोपवून नुसती मान वळवलेली, आणि तोंडात फक्त निपलचं टोक. दुपटं काढलं, बाळाचं पोट तिच्या कुशीला लावलं, टाक्यांवर भार येऊ नये म्हणून उशी घेऊन बाळाचे पाय तिच्या काखेखालून मागे घेतले, आणि थांबलो. बाळाने मोठ्ठा आ केल्यावर त्याला छातीकडे आणलं, छाती त्याच्या तोंडात कोंबायची नाही. हनुवटी टेकली, खालचा ओठ बाहेर वळला, आणि थोड्या वेळाने गिळल्याचा बारीक आवाज यायला लागला. तिचे खांदे खाली आले तेव्हा मला कळलं जमलं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत चीकच असतो, तो थोडाच येतो आणि नवजात बाळाला तेवढा पुरतो. पाजताना दुखतच राहिलं तर सहन करू नका, बाळाच्या तोंडाच्या कडेने करंगळी घालून सोडवा आणि परत लावा.

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शतावरी, सगळं आवडीने खा, अंगाला ताकद हवीच. पण दूध वाढतं ते पाजल्याने, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा. आणि बाळंतिणीला पाणी मोजून देण्याची पद्धत कृपा करून बंद करा, तहान लागेल तेवढं पिऊ द्या तिला. बाळाला मात्र सहा महिने पाणी नको, गुटी नको. मध तर वर्षभर चाटवायचा नाही, त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे चालू ठेवा.

काही जणींना खरंच कमी येतं. थायरॉईड असतो, बाळंतपणात खूप रक्त गेलेलं असतं, छातीचं ऑपरेशन झालेलं असतं. मग डॉक्टरांना विचारून वरचं द्या आणि मनाला लावून घेऊ नका, पावडर पातळ करू नका, आणि शक्यतो वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा.

घरच्यांसाठी एक. पहिले काही दिवस बाळंतिणीला उगाच रडू येतं, ते जातं. दोन आठवड्यांनंतरही ती उदास असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, तर "सगळ्यांनाच होतं" म्हणू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, तिला जमत नसेल तर तुम्ही लावून द्या. दुपारी दोन तास बाळ तुमच्याकडे घ्या आणि पाहुण्यांना दारातूनच चहा पाजून पाठवा.

आणि बाळ पिण्यासाठी उठतच नसेल, लघवी कमी किंवा गडद झाली असेल, कावीळ तळपायापर्यंत उतरली असेल, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाईट किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर मला मेसेज करत बसू नका, त्याच रात्री दवाखान्यात जा.